एकोणचाळीस सेंटिमीटर

ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्याचा भुताखेतांवर विश्वास नाही. आजही नाही. त्याने सांगितलेली मापं मी जशीच्या तशी देतो आहे. वाढवलेलं काही नाही.

फिनलंडमधलं राउतलाम्पी. गावाबाहेरचं नेमबाजीचं मैदान. १५ ऑक्टोबर २०१६, शनिवार. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं.

लख्ख ऊन होतं. वारा नव्हता.

तौनो कुर्किनेन एकतीस वर्षं वजनमापांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. निवृत्तीनंतर त्याने एकच छंद धरला. सैन्याने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली विकत घ्यायच्या, गंज उतरवायचा, लाकडी दस्त्याला तेल पाजायचं, आणि मग ती रायफल किती अचूक मारते ते कागदावर तपासायचं.

ही रायफल १८९१च्या नमुन्याची होती. १९१८च्या यादवीत वापरलेली. कोणत्या बाजूने, हे तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

पहिल्याच तपासणीत तौनो चकित झाला. शंभर मीटरवरून झाडलेल्या पाच गोळ्यांची पाच भोकं कॉफीच्या एका कपाखाली झाकली गेली असती, इतकी जवळजवळ होती.

फक्त ती मध्यावर नव्हती. एकोणचाळीस सेंटिमीटर डावीकडे होती.

कारण लगेच सापडलं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरताना पाहायचा तो बारीक उभा दांडा, मध्यापासून दोन पूर्णांक चार मिलिमीटर उजवीकडे सरकवलेली होती. माशी उजवीकडे गेली की गोळी डावीकडे जाते. आणि ती त्याच जागी डाख लावून पक्की केलेली होती.

काम सुबक होतं. घाईत केलेलं नव्हतं.

“दाजी, शंभर वर्षं ती डावीकडे मारतेय,” रैमो म्हणाला. रैमो हा तौनोच्या बायकोचा, आइलाचा धाकटा भाऊ. बस चालवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तौनोच्या घरच्या छोट्या कारखान्यात येऊन त्याची कॉफी संपवायचा. “आता या वयात तिला कशाला वळण लावताय?”

“चूक जुनी झाली म्हणून ती बरोबर ठरत नाही.”

“हे जरा ताईला सांगा. लग्नाला चाळीस वर्षं झाली तिच्या.”

तौनोने भिंग पुढे केलं. “हा डाख बघ. हे मुद्दाम केलंय. शंभर मीटरवर माणसाच्या छातीच्या मध्यावर नेम धरला, तर गोळी दंडाच्या बाहेरून जाते. जेमतेम, पण जाते.”

“म्हणजे ज्याच्या हातात रायफल होती, त्याला कुणाला मारायचंच नव्हतं?”

“किंवा त्याला न सांगता, हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने केलं असेल.”

रैमोने कप खाली ठेवला. “मग राहू द्या ना, दाजी.”

तौनोने राहू दिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याने डाख वितळवला आणि माशी मध्यावर आणून बसवली. नळीतून चिंधी फिरवली. पांढरी निघाली.

शनिवारी सकाळी पुन्हा फिरवली...

काळी निघाली.

जुन्या नळ्यांच्या बारीक छिद्रांतून काजळी उशिरा सुटते. तौनोला हे माहीत होतं, आणि ते खरंही आहे. फक्त चिंधीला वास होता. नुकत्याच झाडलेल्या गोळीचा.

मैदानावर ते दोघेच होते. तौनोने पाच गोळ्या झाडल्या. रैमोने दुर्बिणीतून पाहिलं.

“पाचही मध्यावर. सुधारली की तुमची म्हातारी.”

मग नेहमीची शिस्त. तौनोने बोल्ट, म्हणजे गोळी आत सारून नळी बंद करणारा सरकता दांडा, काढून कोटाच्या खिशात टाकला. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती पोकळ नळी. ती टेबलावर ठेवली, लाल निशाण लावलं, आणि रैमो नवा कागद घेऊन फळीकडे चालू लागला.

तौनोने थर्मास उघडला.

पाइनच्या झाडांत पक्षी किलबिलत होते...

ते थांबले. सगळे, एकदम.

मग बोल्ट बंद झाल्याचा आवाज आला. पुढे, आणि खाली. दोन ठोके. त्याच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर.

तिथे कोणी नव्हतं.

तौनोने टेबलाकडे पाहिलं. रायफल होती तशीच होती. बोल्टची जागा रिकामी. त्याने खिशात हात घातला. बोल्ट खिशातच होता.

समोर रैमो पाठमोरा उभा राहून कागद टाचत होता. बरोबर फळीच्या मध्यावर.

तौनोने हाक मारायला तोंड उघडलं...

आणि गोळी सुटली.

शंभर मीटर तो कसा धावला, हे त्याला आठवत नाही. रैमो उभा होता. वळला नव्हता. कागद अजून त्याच्या हातात होता.

“दाजी,” तो तसाच फळीकडे बघत म्हणाला, “बोल्ट कुठाय?”

तौनोने खिशातून काढून दाखवला.

“मग शिव्या कुणाला घालू मी?”

फळीत नवं भोक होतं. हातांना सवय होती, म्हणून तौनोने टेप काढली. रैमोचा कणा जिथे होता, तिथपासून भोकापर्यंत मोजलं.

एकोणचाळीस सेंटिमीटर. उजवीकडे.

मागच्या मातीच्या बांधातून त्यांनी गोळी उकरून काढली. गोल नाकाची होती, फार जुन्या घडणीची. तौनोकडे तसली एकही नव्हती. मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम होता, पण शिकारी मंडळी त्या दिवशी तळ्याच्या पलीकडे होती. तौनोने फोन करून खात्री केली. पोलिसांनी नोंद करून घेतली, ‘भरकटलेली गोळी’.

संध्याकाळपर्यंत रैमोच्या चेहऱ्यावर रंग परत आला. “तुमचा तो डाख लावणारा भला माणूस होता, दाजी. त्यानेच वाचवलं मला.”

तौनोने मान हलवली. पुढचं त्याने रैमोला सांगितलं नाही. आइलालाही नाही.

त्या माणसाच्या डाखाने वाचवलं असतं, तर गोळी डावीकडे गेली असती.

उजवीकडे गोळी कोणाची जाईल? ही रायफल एकोणचाळीस सेंटिमीटर डावीकडे मारते, हे ज्याच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं, त्याची. म्हणून जो तेवढाच उजवीकडे नेम धरायला शिकला होता. चुकवण्यासाठी नाही. लागावी म्हणून.

आणि एकोणचाळीस हा आकडा फक्त शंभर मीटरला जुळतो. पन्नासला निम्मा, दोनशेला दुप्पट. म्हणजे गोळी टेबलाच्या रेषेतूनच सुटली होती. तौनो थर्मास घेऊन उभा होता, तिथूनच.

झाडणाऱ्याने माशी अजून वाकडीच आहे असं धरून नेम घेतला. ती सरळ झाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तौनोच्या त्या दुरुस्तीमुळेच रैमो वाचला.

पण भोक कुठे पडलं, ते आता त्यानेही पाहिलं असणार.

रायफल वितळवून टाकावी, असं तौनोच्या मनात आलं. पण रायफल गेल्यावर तोही जाईल, याला पुरावा काय? निदान एक गोष्ट तरी आपल्या हातात राहावी, असा त्याने हिशोब केला.

म्हणून दर शनिवारी तो कारखान्याचं दार लावून घेतो. डाख वितळवतो. डोळे मिटून माशी कुठेतरी ढकलतो आणि तिथेच पक्की करतो. मोजत नाही. झाडून बघत नाही.

“कधी जायचं मैदानावर?” रैमो अधूनमधून विचारतो. “आता तरी सरळ मारते ना ती?”

“नाही.”

“मग किती चुकते?”

तौनो आधी आपल्या उजव्या बाजूला बघतो. दोन पावलांवर...

“मला माहीत नाही,” तो म्हणतो. जरा मोठ्यानेच.