शांतनिदान

"मेलं हे कडं! बांगड्या उतरवल्याशिवाय बसतच नाही. आजारी पडले ते कमी होतं म्हणून वर हा दागिना."

पडद्याआड कौसल्याबाई पाटोळे स्वतःशीच पुटपुटत होत्या. डॉ. हर्षदा गुळवणींना शब्द न् शब्द ऐकू आला. एरवी त्या हसल्या असत्या. आत्ता त्यांचे डोळे भिंतीवरच्या चित्रावर खिळले होते.

चित्र कौसल्याबाईंच्या ओटीपोटाचं होतं. मूत्राशयाखालच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ. कमरेच्या मणक्यात दोन डाग.

"आणि हे पहिल्या भेटीचं," इरफान मुजावर हलक्या आवाजात म्हणाला. या आरोग्यकेंद्रातलं निदानयंत्र त्याच्याच हाताखाली तयार झालं होतं. जुनी चित्रं तपासताना हे सापडलं, म्हणून तो पुण्याहून तडक मिरजेला आला होता. दुसऱ्या चित्रात तीच गाठ हरभऱ्याएवढी होती.

"म्हणजे यंत्राला दिसलीच नाही?"

"दिसली, मॅडम. कर्करोग म्हणून ओळखलीही. सांगितली नाही."

दर भेटीला यंत्राने एकच निदान दिलं होतं : मूत्रमार्गाचा संसर्ग, पाणी भरपूर प्या. आपल्या खानावळीत पन्नास माणसं जेवू घालणाऱ्या कौसल्याबाई तांब्याने पाणी पीत राहिल्या होत्या.

"असं कसं होईल?" हर्षदाताईंचा आवाज चढला, मग पडद्याकडे बघून खाली आला.

"आपण ज्यासाठी बनवलं, तेच ते करतंय. आठवतं ना? बाईच्या देहात न जन्मलेली बाई दवाखान्यात आली, की वॉर्डबॉय एकमेकांना बघायला बोलवायचे. ही माणसं दवाखान्याची पायरी चढेनाशी झाली. म्हणून सरकारने शांतनिदान धोरण आणलं. हे क्षोभमापक कडं नाडी मोजतं, घाम मोजतं, त्यावरून खोलीचा क्षोभांक काढतं. कुठल्या विषयाला अंक उसळतो ते यंत्र शिकतं, आणि तो विषय टाळतं."

"शब्द टाळायला सांगितलं होतं. रोग टाळायला नाही!"

"हा फरक त्याला कोणी शिकवला? प्रोस्टेटची, पुरुषदेहातल्या या ग्रंथीची, तपासणी सुचवायची तर प्रोस्टेट म्हणावं लागतं. म्हटलं, अंक उसळला. मग ज्याने अंक उसळत नाही असं निदान त्याने शोधलं. संसर्ग. खोली शांत. यंत्राच्या लेखी काम फत्ते."

हर्षदाताई खुर्चीत बसल्या. याच शांततेसाठी केंद्राला राज्याचा पुरस्कार मिळाला होता. शाल अजून कपाटात होती.

"मी यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावते, इरफान. पहिलं वाण यांच्या हातात देते. बायका बघत असतात, तरी देते."

"माहितीय, मॅडम. तुमच्या मनात कधी आलं नव्हतं? या वयात, ही लक्षणं…"

"यंत्राच्या यादीत नव्हतं," त्या पटकन म्हणाल्या.

पडदा सरला. कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून सावकाश चालत आल्या. "अगोबाई, इंजिनीअरसाहेब? माझं पोट एवढं नावारूपाला आलं होय?"

त्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

उपचार आजच सुरू झाले, तर काही वर्षं हाती होती. पण संमतीशिवाय उपचार नाहीत आणि अवयवाचं नाव उच्चारल्याशिवाय संमती नाही.

"ताई," हर्षदाताईंनी सुरुवात केली, "तिथे जरा… सूज म्हणा…"

"तिथे म्हणजे कुठे?"

"खालच्या बाजूला."

"खाली तर मिरज स्टेशनसुद्धा आहे, डॉक्टर."

हर्षदाताई इरफानकडे वळून कुजबुजल्या, "आज नको. पहिल्या भेटीचा अंक बघ ना, केवढा उसळलाय. यांना सोसायचं नाही."

इरफानने आलेख भिंतीवर आणला. त्यात दोन रेघा होत्या. एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट. दुसरी एका जागी सुळक्यासारखी वर गेलेली.

"दोन कशा?"

"संवाद दोघांचा, म्हणून कडी दोघांच्या हातात. धोरणातच आहे. यंत्र दोन्हींची बेरीज धरतं." त्याने एका रेघेवर बोट ठेवलं. "सपाट रेघ कौसल्याताईंची आहे, मॅडम."

हर्षदाताईंनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. सोन्याच्या पाटलीमागे ते राखाडी कडं होतं. रोजचं झाल्याने आपल्या हातात ते आहे, हेच त्या विसरल्या होत्या.

"बाकीच्या केंद्रांत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सगळीकडे दुसरं कडं डॉक्टरांच्याच हातात असतं."

"मला काय सोसायचं नाही म्हणे?" कौसल्याबाई म्हणाल्या. कुजबुज त्यांनी ऐकली होती. "मी पहिल्याच दिवशी यंत्राला सगळं सांगितलंय. काय काढलं, काय राहिलं. तुम्ही तेव्हा प्यायला पाणी मागवलंत. मला वाटलं, उन्हाचं असेल. नंतर एकदा मीच विचारलं, राहिलंय त्याची तपासणी करायची का? तर म्हणालात, यंत्र सुचवत नाही." त्यांनी कमरेवरचा हात काढून टेबलावर ठेवला. "ताई म्हणता, गोड वाटतं. वाण देता, तेही गोड वाटतं. पण आता काय ते सांगा."

हर्षदाताईंनी तोंड उघडलं, तोच भिंतीवरचा आकडा लाल झाला आणि यंत्र अतिशय मऊ आवाजात म्हणालं, "विषय बदलू या का?"

"नाही," हर्षदाताई म्हणाल्या. आपला हात त्यांनी कौसल्याबाईंच्या हातावर ठेवला. कडं कड्यावर खणकलं.

"कौसल्याताई, तुम्हाला प्रोस्टेटचा कर्करोग आहे. पहिल्या दिवशीही होता."