आत्याने न घेतलेले नाव

"मुचानेता!"

गिरणीच्या दारातून हाक आली आणि रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. आमच्या भाषेत या नावाचा अर्थ 'तुम्ही थकाल' — सकाळपासून ताटकळलेल्यांना हे कुणी ओरडून सांगावे!

"थकलोच आहोत रे बाबा," एकजण म्हणाली. "आता दळ तरी."

पोत्यावर कोळशाने लिहिलेले माझे नाव वाचणारा तो तरुण नवा होता. मक्याचे पीठ त्याच्या पापण्यांवर धुक्यासारखे बसले होते.

"रागावलीस?"

"सवय आहे. तुझं नाव काय?"

"तापेरा. 'आम्ही संपलो'. माझ्याआधीची तीन भावंडं गेली... म्हणून."

"संपलेला दिसत नाहीस."

"आत्तापर्यंत होतो," तो म्हणाला — आणि माझे पोते उचलताना उगाच अडखळला.

त्या हंगामात आमच्या घरचे पीठ फार लवकर सरू लागले.

आमच्याकडे प्रेम आधी आत्याच्या दारात जाते. तिने निरोप नेला तरच ते वडिलांपर्यंत पोहोचते. आणि माझे नाव तर आत्यालाच उद्देशून ठेवलेले. सात वर्षे आईची कूस उजवली नव्हती, आणि आत्या दर पेरणीला भावाला सांगे, 'दुसरी बघ.' मग मी जन्मले. आई भांडली नाही. तिने फक्त माझे नाव ठेवले — बोलून बोलून तुम्हीच थकाल. चोवीस वर्षांत आत्याने ते एकदाही उच्चारले नाही. आई गेली, तरीही नाही. कुळाच्या नावानेच हाक मारी — चिहेरा. आमच्या कुळातल्या प्रत्येक मुलीला तेच.

"तिच्यापुढे माझं नाव मात्र घेऊ नकोस," मी तापेराला बजावले होते. आत्या नाही म्हणाली, तर सारे तिथेच संपणार होते.

रविवारी तो तिच्यापुढे जमिनीवर बसला, रिवाजाप्रमाणे आदराने हलक्या टाळ्या वाजवत. आत्या भुईमूग सोलत होती. छपराच्या गवतावर पाऊस कुजबुजत होता.

"तुमच्या भाचीसाठी आलोय, आत्या."

"अकरा भाच्या आहेत मला. कुठली?"

"ही... चिहेरा."

"मीसुद्धा चिहेराच. मला मागतोस?"

तापेराने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

"निरोप तुम्हीच नेणार, आत्या," तो हळूच म्हणाला. "तुमच्या भावाला मुलीचं नाव काय सांगाल?"

आत्याची बोटे थांबली. ती बराच वेळ मांडीवरच्या शेंगांकडे पाहत राहिली — जणू त्यांतल्या एखादीत काही राहून गेले होते.

"मुचा..." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मुचानेता."



"तुझ्या आईनं बरोबर ओळखलं होतं गं," ती म्हणाली. "थकले मी." मग डोळे पुसून तापेरावर खेकसली, "बघतोस काय? आणि तू गं, डोक्याचा रुमाल सोड. लग्नाच्या वचनाची खूण म्हणून दे त्याला, माझ्यादेखत."

त्याने तो दोन्ही हातांत घेतला. माझे केस मोकळे झाले.

"आत्या... पुन्हा म्हणा ना."

तिने एक टरफल माझ्या अंगावर भिरकावले — आणि म्हटले.