देवघरातला मुरलीधर

यात पदरचं काही नाही. सुरेखाने सांगितलं, तसंच लिहिलंय.

गेल्या जुलैतली गोष्ट. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातलं घर. भर दुपार.

सुरेखा साताऱ्याहून नात सांभाळायला आली होती. मुलगा समीर ऑफिसात, सून देवयानी फार्मसीत. घरात ती आणि आठ महिन्यांची सुखदा.

देवयानीने जवळच्या बॉटनी उपनगरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक चित्र आणलं होतं. काळ्या शाईचं, हॉलंडचं. झाडंच झाडं. खाली बोटाएवढा एक बासरीवाला, झाडाखाली गाय, शेजारी पेंगणारा गुराखी.

"अगं, हा तर आपला मुरलीधर!"

"आई, डच लोक कशाला कृष्ण काढतील?"

"देव काय साताऱ्यातच राहतो होय?"

चित्र देवघरात गेलं. रोज फूल, रोज लोणीसाखर.

चौथ्या दुपारी… बासरी ऐकू आली.

अगदी हळू.

पाळण्याशेजारी बसलेल्या सुरेखाचा डोळा लागला.

जाग आली. पाळणा रिकामा.

सुखदा काचेच्या मागच्या दाराबाहेर बसली होती. हसत.

दाराला आतून कडी होती…

"आई, खरं सांगा. झोपेची गोळी घेतली होती ना?" संध्याकाळी देवयानीने विचारलं.

"तुझ्या गोळ्या मी कशाला खाऊ?" सुरेखा फणकारली.

तेव्हापासून सून तिच्यावर नजर ठेवू लागली. आणि ती चित्रावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बासरी. पुन्हा झोप.

या वेळी सुखदा फाटकापाशी सापडली. पुढे रस्ता.

"उद्यापासून तिला डेकेअरला ठेवू," समीर खाली बघत म्हणाला.

सुरेखाने देवघरातून चित्र उचललं. ते घेऊन ती त्याला शेजारच्या यान आजोबांकडे घेऊन गेली. ते मूळचे हॉलंडचे.

आजोबांनी चित्र उजेडात धरलं. मग इंग्रजीत बोलले. समीरने मराठीत सांगितलं, "आई, हा कृष्ण नाही. ग्रीकांचा देव आहे. बासरी वाजवून राखणदाराला झोपवतो, त्याचं मुंडकं उडवतो… आणि राखलेली गाय घेऊन जातो."

सुरेखाने चित्र जवळ घेतलं.

गाय झाडाखाली नव्हती. पार कडेला होती… निघालेली.

चित्र त्याच संध्याकाळी दुकानात परत गेलं. बासरी थांबली. डेकेअरही टळलं.

पण सुरेखा आता दुपारी बसत नाही. पाळण्याची दांडी धरून उभी राहते.

"आई, टेका की जरा," सुट्टीच्या दिवशी देवयानी म्हणते.

एक गोष्ट तिने सुनेला सांगितलेली नाही. परवा उभ्याउभ्याच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सुखदा पाळण्यातच होती. गाढ झोपलेली.

तिच्या इवल्या तळव्यांना ओली माती होती…