उघड्या हाताचं माप

"सीट अर्धी कापून पाहिजे." डोक्यावर बाईकची सीट घेऊन दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, आणि मेघालीला हसूच आवरेना.

वागळे इस्टेटमधल्या वडिलांच्या सीट-कव्हरच्या गाळ्यात कॉलेज सुटलं की तीच बसायची. लोक फोम वाढवायला यायचे. हा कमी करायला?

"मग बसणार कशावर? हवेवर?"

"बरोब्बर! हवेवरच."

प्रणित बाळकुमचा कोळी. उड्या मारायला डर्ट बाईक तयार करत होता. "रॅम्पवरून उडालो की सीट सोडायची, पाय मागे फेकायचे. सीटखालच्या प्लास्टिकला दोन्हीकडे भोकं पाडून दे. त्यात हात घालून बाईक धरायची. बाकी सगळं आभाळ!"

"आणि हात सुटला तर?"

"तू रडशील का गो?"

"मी? छे! माझं नवं कव्हर फाटलं म्हणून रडेन."

भोकासाठी माप हवं होतं. तिने त्याचा पंजा कागदावर टेकवला, वरून आपला हात दाबून धरला. पेन्सिल बोटांभोवती फिरली... हळू, उगाचच हळू. बाहेर बंद कारखान्याचा सुटलेला पत्रा वाजत राहिला.

मग तो येतच राहिला. टाका उसवला म्हणून, कधी न उसवताही. आणि एका धुरकट संध्याकाळी, फोम नखाने कोरत म्हणाला, "रविवारी आंबिवलीच्या माळावर बेंगळुरूची स्टंट टीम येतेय माझ्या उड्या बघायला. घेतलं तर... तिकडेच राहायचं."

"अरे वा," ती म्हणाली आणि कोरलेल्या फोमचा चुरा गोळा करायला लागली.

रविवारी माळावर आभाळ राखेसारखं होतं. भोकांचं प्लास्टिक प्रणितने आदल्याच दिवशी बसवलेलं, नुसत्या हाताने धरून बघितलेलं. आता त्याने हेल्मेट चढवलं. मग ग्लोव्हज् — जाडजूड, बोटांवर कडक कवच असलेले.

मेघालीची नजर त्या कवचावर अडकली. माप तर उघड्या हाताचं होतं!

"प्रणित, थांब!" ती धावली. "हात घाल आत. आता काढ."

निघेना. दोनदा हिसडला, तेव्हा कुठे सुटला. हेच हवेत झालं असतं तर...

"अगं, ग्लोव्हज् मागायचे ना तेव्हाच!"

"मागितले असते तर..." तिची मान खाली गेली. "तुझा हात कसा धरला असता मी?"

तिने टूलबॉक्समधली कानस उचलली आणि भोकं मोठी करायला बसली. कानशीच्या प्रत्येक घासागणिक तो लांब चालला होता... आणि घासत तीच होती.

प्रणित उडाला. पाय मागे, अंग आडवं. बाईक आणि तो, मध्ये फक्त तिने पाडलेली भोकं. हात अलगद सुटले, हँडलवर परत आले, चाकं जमिनीला टेकली. टीमवाल्यांनी त्याला तिथेच मिठी मारली. मेघालीने टाळ्या वाजवल्या. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, हे बरंच झालं.

निघायच्या दिवशी बाईक टेम्पोत चढली, आणि तो गाळ्यात आला.

"माप घे."

"आता कशाचं? काम तर संपलं."

"ग्लोव्हज् विसरलोय घरी."

"खोटारड्या, खिशातून दिसतायत!"

"पहिलं माप घेतलंस त्या दिवशीपण खिशातच होते गो," तो हळूच म्हणाला. "मी तरी कुठे काढले?"

मेघालीने कागद पसरला. त्याने पंजा टेकवला, तिने वरून हात ठेवला. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. पेन्सिल अजून अंगठ्यापाशीच होती.