लेंचोचा सदरा

दिवा इकडे सरकव, फाउस्तो, आणि बस जरा. नवा गाडीवान म्हणून सकाळी आलास, तेव्हापासून नुसता फिरतोयस. या घरात राहायचंय तर ऐकून ठेव.

खूप वर्षांपूर्वी एका दुपारी मी विहिरीवर देशाच्या अध्यक्षांचा सदरा धूत होते. अध्यक्ष तुम्हा लोकांसाठी. माझा तो लेंचो, माझ्या दुधावर वाढलेला. सरहद्दीवरच्या लढाईत तो पडल्याची खबर आली होती, प्रेत मात्र आलं नव्हतं. तरी बाईसाहेबांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. वेदी मांडली, आत्म्यासाठी पाण्याचा पेला ठेवला, नऊ दिवस प्रार्थना केल्या. शेवटी मेणबत्त्या विझवून वेदी मोडली, आत्म्याला जायला दार उघडलं. जिनं वाढवलं तिनंच निरोप द्यायचा असतो. मी काळजावर दगड ठेवून म्हटलं, "जा लेंचो. मागं फिरू नकोस."

आणि विहिरीवरून वळते तो काय, हा खेचरावर समोर उभा! जिवंत. खबरच खोटी होती. कोमायाग्वा शहरभर घंटा वाजल्या. पण त्याचा पाय कुठं टिकेना. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मंत्री कागद घेऊन मागं मागं फिरायचे. मक्याची भाकरी हातातच वाळायची. डोळ्याला डोळा नाही. वाळून काटकी झाला.

एकदा माझ्यापाशी थांबला नि हळूच म्हणाला, "दाई... मला कुणीतरी जा म्हटलंय. जीव थाऱ्यावर नाही गं."

जित्या माणसाचा आत्मा आम्ही हाकलला होता. असा किती जगणार तो?

भेदरलेल्या लेकराचा जीव परत बोलावतात ना, तसंच करायचं ठरवलं. भर दुपारी सगळे झोपलेले असताना त्याचा सदरा घेऊन फाटकात उभी राहिले. "लेंचो... ये बाबा, घरी चल." हाका मारता मारता हातातला वाळलेला सदरा एकदम जड झाला. धावत नेऊन त्याच्या अंगात घातला. तो बसला, पोटभर जेवला आणि घोरायलाही लागला.

मी हुश्श करून फाटक लावायला गेले. बाहेर भिंतीलगत कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं. मग लेंचोचाच आवाज... "दाई... मला घे ना आत..."

मी घाबरून अडसर घातला.

त्या लढाईत गोरगरिबांची कितीतरी पोरं पडली. त्यांना हाक मारायला कोण होतं? त्यातलाच एखादा माझ्या हाकेला आला असणार. कारण त्या दिवसापासून अध्यक्षसाहेब बोलता बोलता घायपाताचा दोर वळत बसायचे. लेंचोनं जन्मात दोराला हात लावला नव्हता. साहेब मला आजीबाई म्हणायचे, दाई कधीच नाही. पण माणूस भला हो. लढाया थांबवल्या, माझ्या हातचं आवडीनं खाल्लं. माझीही माया जडली. भिंतीबाहेरची पावलं मात्र कधी थांबली नाहीत. मी रोज बाहेर पाण्याचा पेला ठेवायची, रोज तो रिकामा व्हायचा.

दहा दिवसांपूर्वी साहेब वारले ना, त्यांची वेदी काल मोडली. लेंचोच्या अंगात राहिलेल्या त्या परक्या जीवाला मी मनापासून निरोप दिला. मग फाटक सताड उघडलं आणि म्हटलं, "लेंचो, आता ये रे." पावलं थांबली. गार वारा अंगावरून आत गेला. मी तोच जुना सदरा पलंगावर पसरून ठेवला. माझ्या लेकराला अंगात घालायला काहीतरी नको का?

आज सकाळी बघते तर पलंग रिकामा, सदरा गायब. सगळं घर शोधलं...

हा बघ, पुन्हा उठलास. दिव्याजवळ ये बघू. हा सदरा तुला कुणी दिला, फाउस्तो? आणि मघाशी आत येताना मला दाई म्हणालास... इथं मला सगळे आजीबाई म्हणतात.