हात कुणी सोडला

सुट्टी लागली की लेक आपली दोन्ही मुलं आजोबांकडे आणून सोडायची आणि दारातच सूचनांचा पाढा वाचायची. थोरलीला रात्रभर वाचत बसू देऊ नका, धाकट्याचे दात घासून झाले का ते स्वतः बघा, भर उन्हात बाहेर सोडू नका. आजोबा प्रत्येक सूचनेला मान डोलवायचे आणि गाडी वळणाआड गेली की मुलांना म्हणायचे, "चला, आता आपलं राज्य."

राज्य तीन खोल्यांचं होतं. आजोबा शिंपी. बाजारातलं दुकान विकून टाकलं तेव्हा एक मशीन तेवढं त्यांनी घरी आणून खिडकीशी ठेवलं होतं. दुपारी जेवणं उरकली की ते मशीनशी बसायचे, मुलं चिंध्यांच्या ढिगात लोळायची, आणि धाकटा फर्मान सोडायचा, "तुमच्या लहानपणचं सांगा."

इथेच घोडं अडायचं. आजोबांच्या लहानपणी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का, दोघंच भावंडं, आणि दोघंही इतकी सरळमार्गी की शेजारीपाजारी आपल्या पोरांना त्यांचे दाखले द्यायचे. शहाण्या मुलांच्या गोष्टी कोण ऐकून घेतो? पहिल्या सुट्टीत धाकट्याने दुसऱ्याच वाक्याला जांभई दिली होती.

पण आजोबांना नातवंडांना काहीतरी द्यायचं होतं. खोटं बोलू नये, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, मोठ्यांचं ऐकावं, अशा साध्या साध्या गोष्टी. नुसता उपदेश केला तर मुलं तो कडू गोळीसारखी थुंकून टाकतात, हे त्यांना लेकीला वाढवताना कळून चुकलं होतं. उपदेश गळी उतरवायचा तर गोष्टीत एखादं वाह्यात पोर पाहिजे. ते पोर स्वतःला करावं तर आजोबा म्हणून काय मान राहणार? आणि अक्काला करावं तर ती या वयातही त्यांचा कान पिळायला कमी करणार नव्हती. मग त्यांनी सरळ एक धाकटी बहीण तयार केली. तिचं नाव ठेवलं चिंगी.

चिंगी एकदम लागू पडली. ती लोकांच्या दारावरच्या घंट्या वाजवून पळायची, नावडती भाजी खिशात कोंबायची, बापाची कात्री पळवून बाहुलीचे केस कापायची, आणि प्रत्येक वेळी तिची अशी काही फजिती व्हायची की मुलं पोट धरून हसायची. हसता हसता शिकायचीसुद्धा. धाकट्याने एकदा ताटातल्या भाजीकडे बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "चिंगीसारखं नको व्हायला." आजोबांना त्या दिवशी आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

गेल्या सुट्टीत मात्र एक गोष्ट झाली. मागच्या गल्लीच्या टोकाला कालवा होता. मुलं चेंडूमागे धावत तिथवर गेली आणि आजोबा शोधत पोचले तेव्हा दोघं काठावर बसून पाण्यात पाय हलवत होती. घरी आल्यावर आजोबांना सुई ओवता येईना. त्याच रागात आणि त्याच भीतीत त्यांनी चिंगी संपवून टाकली.

"आम्ही कालव्याच्या काठाने चाललो होतो," ते म्हणाले. "मी तिचा हात धरला होता. तिने हिसडा मारून सोडवून घेतला. मग काही उरलं नाही. मोठ्यांनी धरलेला हात सोडवायचा नसतो, कळलं?"

मुलांना कळलं. त्या सुट्टीत ती पुन्हा कालव्याकडे फिरकली नाहीत. आजोबांना मात्र नंतर थोडी हुरहुर लागली. एवढी गुणी पोर उगाच मारली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

या सुट्टीत मुलं आली, पहिल्याच दुपारी चिंध्यांत लोळली, आणि धाकटा म्हणाला, "आजोबा, चिंगीला ऐकू कमी यायचं ना?"

"छे. हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

"म्हणून तर तुम्ही हाक मारली ते तिला कळलं नाही," थोरली चिंध्यांच्या जोड्या लावत म्हणाली. तिने मान वर केली नाही. "आणि पिवळा फ्रॉक पाण्यात लांबून दिसत होता."

आजोबांनी कधी फ्रॉकचा रंग सांगितला नव्हता. फ्रॉकच सांगितला नव्हता. पण मुलं गोष्टीला आपले टाके घालतातच, असं म्हणून त्यांनी मशीनचं चाक फिरवलं.

पुढल्या दोन-चार दिवसांत टाके वाढत गेले. चिंगीच्या हनुवटीवर खोक होती. चिंगी भिंतीकडे तोंड करून झोपायची. मुलं हे हसत सांगत नव्हती. घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं हळू आणि आजोबांचा चेहरा बघत बघत बोलत होती. शेवटी आजोबांनी शिवण बाजूला ठेवली.

"हे बघा. चिंगी नव्हतीच कधी. तुम्ही ऐकावं म्हणून मी तिला रचली. मला एकच बहीण, अक्का. समजलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरली उठली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "आई म्हणालीच होती, तुम्ही असं म्हणाल."

आजोबांनी लगेच लेकीला फोन लावला. मुलांच्या डोक्यात हे काय भरवलंस, असं त्यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"बाबा, आई होती तोवर आपण हा विषय कधी काढला नाही," लेक म्हणाली. "गेल्या वर्षी तुम्ही आपण होऊन मुलांना सांगितलंत, मला इतकं बरं वाटलं. आता पुन्हा नाही कशाला म्हणता?"

"अगं, पण आईचा काय संबंध?"

"तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हीच तिला सांगितलंत ना. तिने मला सांगितलं, मी कॉलेजात असताना. मी विचारलं होतं, बाबा पिवळं कापड शिवायला का घेत नाहीत."

"बल्बच्या उजेडात पिवळ्यावर पिवळा दोरा दिसत नाही म्हणून. कुठल्याही शिंप्याला विचार."

"आणि दुकानात जाताना कालव्याचा जवळचा रस्ता सोडून लांबून जायचात, ते?"

"लांबच्या रस्त्याला बटणांचं दुकान होतं."

"बरं बाबा," लेक म्हणाली. आजारी माणसाशी बोलतात तो आवाज. "सुट्टी संपली की आपण एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. काळजी करू नका."

आजोबा फोन ठेवून तसेच बसून राहिले. बायको त्यांना आमटीत मीठ जास्त पडलं तरी सांगून टाकायची. ती असलं काही पोटात ठेवून आयुष्यभर त्यांच्याशेजारी बसली असेल, हे त्यांना पटेना. तिला एकदा विचारता आलं असतं तर. ती गेल्यापासून तिची इतकी गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

मग त्यांना अक्का आठवली आणि जीव भांड्यात पडला. त्या घरात त्यांच्याबरोबर वाढलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, आणि ते माणूस कुणाच्या भिडेखातर खोटं बोलणारं नव्हतं. लोकांच्या तोंडावर "तुमचा चहा पाणचट आहे" म्हणणारी बाई. तिच्या एका वाक्याने सगळं मिटणार होतं.

आजोबांच्या निरोपावरून अक्का दुसऱ्या दिवशी आली. गुडघे धरत जिना चढली, जिन्याला नावं ठेवली, खुर्चीत बसली. आजोबांनी मुलांना आतल्या खोलीत पाठवलं, चहा पुढे ठेवला आणि आडवळण न घेता विचारलं, "अक्का, आपण भावंडं किती?"

अक्काने चहा ढवळला. ढवळून झाला तरी चमचा फिरतच राहिला.

"आता दोन," ती म्हणाली.

"आता म्हणजे?"

"अरे, किती दिवस असं करणार? आई गेली, बाबा गेले, तू तोंड उघडलं नाहीस. मीही म्हटलं, नको खपली काढायला. पण आता तरी बोल. हात सोडलास म्हणून तुला कधी कुणी बोल लावला का? पोरच होतास तूही."

"मी सोडला नाही," आजोबा म्हणाले. "तिने हिसडा मारला."

बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

अक्काने कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. आजोबांनी अक्काला रडताना फार कमी वेळा पाहिलं होतं. तिने पुढे वाकून त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बोललास बाबा. एवढ्या वर्षांनी बोललास." मग पदराने डोळे टिपून ती म्हणाली, "पण हिसडा नाही मारला तिने. मी मागून येत होते ना, मी पाहिलं. तुला रस्त्यात एक बटण दिसलं. शिंपल्याचं. ते उचलायला तू वाकलास आणि हात सोडलास. तेवढंच झालं. आणखी काही नाही."

आजोबांना बटण आठवत नव्हतं. पण आठवत नाही याची त्यांना खात्री करून घ्यावी लागली, पुन्हा पुन्हा, कपाटाचं कुलूप ओढून बघावं तशी. ती नव्हतीच म्हणावं तर अक्का, लेक, गेलेली बायको, सगळी खोटी पडत होती. होती म्हणावं तर हात सोडणारे तेच होते. मधली जागा त्यांना सापडेना. आपल्या साध्यासरळ आयुष्याचं कापड कुणीतरी आपल्याच हातून काढून घेतलं आणि दुसऱ्याच मापाने बेतलं, आणि आपण नुसते बघत बसलो आहोत, असं त्यांना झालं.

अक्का मुक्कामाला राहिली. तिनेच लेकीला फोन केला असावा, कारण सुट्टी संपायला अजून अवकाश होता तरी लेक मुलांना न्यायला आली.

"यांच्या शाळेचं काहीतरी आहे," ती म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. मुलांचे कपडे भरताना तिने एकदाही बापाकडे पाहिलं नाही.

"मी कसं वाढवलं तुला, विसरलीस का?" आजोबांनी विचारलं. "कधी एकटी सोडली? कधी गर्दीत हात सुटला तुझा?"

"नाही बाबा," लेक म्हणाली. "फार घट्ट धरायचात. दुखायचं." आणि तिने पिशवीची चेन ओढली.

गाडी रस्त्यापलीकडे लावली होती. लेक सामान घेऊन पुढे गेली, अक्का तिच्याबरोबर. आजोबा मुलांना घेऊन खाली उतरले. सकाळची वेळ, कोवळं ऊन. समोरच्या गच्चीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. चष्म्यांच्या दुकानातला पोरगा काच पुसत होता. रस्ता ओलांडायला आजोबांनी सवयीने धाकट्यापुढे हात केला.

धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आईने सांगितलंय," थोरली खाली बघत म्हणाली. "रस्त्यावर तुमचा नाही धरायचा. आम्ही एकमेकांचा धरायचा." आणि मग, वाईट वाटू नये म्हणून, "तुमची चूक नाहीये आजोबा. तुम्ही लहान होता."

दोघं एकमेकांचा हात धरून, दोन्ही बाजूंना बघून, शिकवल्यासारखी नीट रस्ता ओलांडून गेली. आजोबा अलीकडेच उभे राहिले. पुढे केलेला हात मागे घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

त्या हातात बोटं आली.

लहान होती. ओली होती. नखं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी मऊ होती.

आजोबांनी खाली पाहिलं नाही. ते समोर, गाडीकडे पाहत राहिले. मुलं मागच्या सीटवर चढत होती. धाकटा काचेला नाक लावून बसला आणि त्याने हात हलवला. तो आजोबांच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्यांच्या कमरेपाशी बघत होता.

मग हिसडा बसला. मागच्या गल्लीच्या, कालव्याच्या दिशेने.

आजोबांची बोटं आपोआप मिटली. हात सोडावा, तर गाडीजवळ उभ्या दोघी बघत होत्या. हात सोडायला धरलेला हात असावा लागतो, एवढं त्यांना कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता. दुसरा हिसडा पहिल्यापेक्षा जोराचा होता.

"बाबा, तिकडे कुठे?" लेकीने हाक मारली.

त्यांना ओरडायचं होतं. धर मला, एवढंच.

अक्काने लेकीच्या दंडावर हात ठेवला. ती हळूच बोलली, पण रस्ता रिकामा होता आणि आजोबांना सगळं ऐकू आलं.

"जाऊ दे त्याला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन त्या रस्त्याने निघालाय."

लेकीने डोळे पुसले आणि मान डोलवली. आजोबांनी तो हात घट्ट धरला आणि नेईल तिकडे चालू लागले.