काळविजेचं म्यान

म्यानातून तलवार उपसताना जो आवाज होतो, तो गहिनीनाथ आबांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आसपास तलवारच नव्हती. आबा आठ वर्षांचे होते. खळ्यावर त्यांचे चुलते, कारभारीतात्या, गोष्ट सांगत बसले होते. गोष्टीतल्या सरदाराने तलवार उपसली आणि तेवढ्यात गाय अडल्याची हाक आली. तात्या गोष्ट तशीच टाकून गोठ्याकडे धावले. मागे खळ्यावर आबा एकटेच उरले, आणि चामड्यावरून लोखंड सरकत गेलं. सावकाश, टोकापर्यंत.

सकाळी तात्यांच्या गळ्यावर सुतासारखी लाल रेघ होती. आठव्या दिवशी तात्या गेले. "गोष्टीतलं हत्यार उघडं टाकून उठू नये," एवढंच ते जाता जाता म्हणाले.

आबांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. पण पुढे नातीला गोष्टी सांगताना, तिचा डोळा लागला तरी ते अंधारात हळूच म्हणायचे, "आन् त्यानं तलवार म्यानात घातली." मगच स्वतः आडवे व्हायचे.

ती नात, राजनंदिनी, आता पारनेरला कॉलेजात जात होती आणि मोबाईलवर कादंबरी लिहीत होती. दर रविवारी एक भाग. तिच्या नायकाचं नाव चंडकेतू, त्याच्या तलवारीचं नाव काळवीज. वाचणारे दोन हजारांवर गेले होते. आबांना वाचन बेताचंच, म्हणून भाग टाकला की ती त्यांना वाचून दाखवायची.

त्या रविवारी भादव्यातली टळटळीत दुपार होती. घरचे लोक टेम्पोबरोबर कांदा घेऊन गेले होते. आबा कांदा साठवायच्या चाळीत बसून सडके कांदे निवडत होते. बांबूच्या फटींतून उन्हाचे पट्टे आत पडत. पार पलीकडचं टोक मात्र काळोखात. सडक्या कांद्याचा जड, गोडसर वास भरून राहिला होता. राजनंदिनी एका गोणीवर मांडी घालून वाचत होती.

"...आणि चंडकेतूने काळवीज उपसली." तिने मान वर केली. "संपला भाग!"

आबांच्या हातातला कांदा हातातच राहिला. "संपला? आन् तलवार?"

"तलवार पुढल्या रविवारी. लोकं आठवडाभर तळमळली पायजेत, आबा."

"कुनावर उपसली त्यानं?"

"ते अजून ठरवलंच न्हाई मी."

"ठरवलं न्हाई... आन् उपसली?"

"तुमचे सरदार लई गुणाचे," ती हसली. "भाकरी खाल्ली, तलवार म्यानात घातली, झोपले. असला नायक आज कोन वाचंल?"

आबा हसले नाहीत. फटींतून येणारा वारा पडला होता. दूर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चालू होती, तीही थांबली. आणि काळोख्या टोकाकडून चामड्यावरून लोखंड सरकलं. सावकाश, टोकापर्यंत.

त्या टोकाची एक गोणी मधोमध उघडली आणि कांदे गडगडत बाहेर आले. एक कांदा आबांच्या पायाशी येऊन थांबला. बरोबर अर्धा. चाळीतला कुजका वास बाजूला सारून ताज्या चिरलेल्या कांद्याचा वास पुढे पुढे येऊ लागला. आबांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आबा," राजनंदिनी गळा खाजवत म्हणाली, "बघा की, इथं काय चावलं मला?"

सुतासारखी रेघ. अजून बोटभरच लांब होती.

"नंदे... तलवार म्यानात घाल. लिही."

"अवो पन..."

"आत्ता लिही, बाळ."

आबांचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. "घातली असती... पन त्याच्याकडं म्यानच न्हाई, आबा. दहाव्या भागात मीच जाळून टाकलं. चामडी पट्ट्यात उघडीच खोचतो तो, भारी वाटती म्हनून..."

"मग दुसरं दे त्याला."

"कसलं?"

पुढचा एक कांदा, कुणी हात न लावता, आबांच्या डोळ्यांदेखत दुभंगला. आता हातभर अंतर राहिलं होतं.

"माझं नाव लिही," आबा शांतपणे म्हणाले. "गहिनीनाथ नावाचा म्हातारा हुता, त्याच्यात घातली म्हन. माझं काय... पिकलेलं पान. मावंल ती माझ्यात."

राजनंदिनीने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून ती लिहू लागली. आबांनी डोळे मिटून छाती पुढे केली.

वारा सुटला. बांबू कुरकुरले. दूरची मोटार पुन्हा धडधडू लागली. आबांनी डोळे उघडले, छाती चाचपली, पोट चाचपलं. कुठेच काही नव्हतं. नातीच्या गळ्यावरची रेघही पुसून गेली होती.

"घातलीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"माझंच नाव लिव्हलंस ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. मोबाईल गोणीवर ठेवून ती उठली आणि चाळीबाहेर पडली.

"नंदे... कुठं घातलीस, बाळ?"

ती बांधावरून घराकडे निघाली. डावी मूठ तिने कमरेशी घट्ट धरली होती, अंग त्याच बाजूला जरा कललं होतं, आणि काहीतरी लांब, जड असं पायात अडकू नये म्हणून ती एकेक पाऊल सांभाळून टाकत, मागे न पाहता चालत गेली.